स्पर्शसंवेदी तंतूंचा पूर्वेतिहास : दोन संशोधनपरंपरांचा संगम

प्रस्तावना
यंत्राला स्पर्शज्ञान देण्यासाठी लवचीक संवेदक आवश्यक असतात. ठिसूळ स्फटिक या कामी अपुरे पडतात. पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड (पीव्हीडीएफ) या बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. हे तंत्र एकविसाव्या शतकाचे मानले जात असले, तरी त्यामागे परस्परांशी संबंध नसलेल्या दोन जुन्या संशोधनपरंपरा आहेत. त्यांचा संगम कसा घडला, याचा प्रस्तुत निबंधात विचार केला आहे.

दाबविद्युताची परंपरा
इ. स. १८८० मध्ये झाक व पिएर क्यूरी या बंधूंनी क्वार्ट्झ, टूर्मलीन इत्यादी स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युत्प्रभार निर्माण होतो, हे दाखवून दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्यांच्या शोधासाठी क्वार्ट्झचा उपयोग केला. त्यानंतरही हा गुणधर्म प्रामुख्याने स्फटिकांचाच मानला जाई. या समजुतीला छेद दिला तो जपानमध्ये. टोकियोतील कोबायाशी भौतिकी संशोधन संस्थेत एइची फुकादा यांनी १९५५ मध्ये लाकडातील आणि १९५७ मध्ये इवाओ यासुदा यांच्यासमवेत हाडातील दाबविद्युत परिणाम सिद्ध केला. त्याच संस्थेतील हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये पीव्हीडीएफमधील तीव्र दाबविद्युत परिणाम प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी पटल ताणले आणि मग तापवून त्यावर प्रबळ विद्युतक्षेत्र लावले. ताणल्याने रेणुसाखळ्या सरळ झाल्या, तर विद्युतक्षेत्राने त्यांतील द्विध्रुव एका दिशेस वळले.

विद्युतकताईची परंपरा
दुसरी परंपरा वस्त्रोद्योगाशी निगडित होती. अँटोन फोर्महाल्स यांना १९३४ मध्ये विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने कृत्रिम तंतू काढण्याच्या पद्धतीचे अमेरिकन एकस्व मिळाले. विद्युतक्षेत्रात द्रवाचा थेंब शंकूचा आकार का घेतो, याची गणिती मीमांसा जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये केली. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील अ‍ॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीस नवसंजीवनी दिली.

संगम
कावाई यांनी ताण आणि विद्युतक्षेत्र हे दोन संस्कार क्रमाने केले होते. विद्युतकताईत ते एकाच वेळी घडू शकतात. हे जाणून बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये पीव्हीडीएफचे सूक्ष्म तंतू थेट पृष्ठावर कातून त्यांपासून वीज मिळविली. इटली व अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ मध्ये पीव्हीडीएफच्या एका सहबहुवारिकाचे समांतर तंतू वापरून सुमारे ०.१ पास्कल इतका अल्प दाब टिपणारा लवचीक संवेदक सादर केला.

तथापि, दाब स्थिर राहिल्यास प्रभार हळूहळू ओसरतो. म्हणून असा संवेदक मुख्यतः बदलता स्पर्श ओळखतो. मिळणारा संकेत दाबविद्युताचा आहे की घर्षणविद्युताचा, हेही काटेकोरपणे तपासावे लागते.

समारोप
फोर्महाल्स यांचे लक्ष्य संवेदक नव्हते आणि लाकूड व हाड तपासणाऱ्या फुकादांचे लक्ष्य यंत्राची त्वचा नव्हते. कावाई यांच्या शोधानंतर दोन्ही परंपरांचा असा मेळ बसण्यास सुमारे ४० वर्षे लागली. तत्काळ उपयुक्ततेच्या कसोटीवर संशोधनाचे मूल्य ठरविले असते, तर लाकडावरील प्रयोग कदाचित प्रारंभीच निरर्थक ठरले असते. ज्ञानशाखांमधील भिंती आणि उपयुक्ततेचा आग्रह यांची किंमत किती असते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.