आजारांची नावं बदलतात तेव्हा

मेडिकल कोडिंग हा शब्द आता आपल्या घरांत पोहोचला आहे. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथल्या कार्यालयांत बसून कितीतरी मुलंमुली अमेरिकेतल्या रुग्णांची कागदपत्रं वाचतात. डॉक्टरांनी लिहिलेला आजार आणि केलेला उपचार ठरलेल्या संकेतांकांत उतरवायचा आणि त्यावरून विमा कंपनीनं पैसे द्यायचे, असं हे काम. त्यासाठी अमेरिकेतल्या ‘एएपीसी’ या संस्थेचं प्रमाणपत्र मोलाचं मानतात. पण ते एकदा मिळालं की जन्मभर पुरत नाही. दर दोन वर्षांनी ३६ गुणांचं, म्हणजे साधारण ३६ तासांचं, पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. परीक्षा तर दिली, आता पुन्हा शिकायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या निघत. कोण कशानं गेलं हे पाहायला वृद्ध बायका नेमलेल्या असत. त्यांना वैद्यकाचं शिक्षण नसे. त्यामुळे ‘दात’, ‘अचानक’, ‘दुःख’ अशीही मरणाची कारणं त्या याद्यांत सापडतात. जॉन ग्राँट नावाच्या व्यापाऱ्यानं १६६२ मध्ये या याद्यांचा अभ्यास छापला. उपदंशासारखा लाजेचा आजार असला, की बिअरचा पेला आणि दुप्पट दस्तुरी घेऊन या बायका ‘क्षय’ सांगून मोकळ्या होतात, हे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं.

पुढे इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार आले. एका आजाराला तीन-चार नावं आणि एका नावाखाली अनेक आजार, ही त्यांची १८३९ ची तक्रार. मग मोजायचं काय? १८९३ मध्ये शिकागोत फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची सामायिक यादी मांडली आणि ती अनेक देशांनी स्वीकारली. १८९८ मध्ये ओटावाच्या सभेत अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशननं तिची शिफारस केली. सोबत आणखी एक सूचना केली, ती म्हणजे ही यादी दर दहा वर्षांनी तपासावी. पुन्हा पुन्हा शिकण्याच्या आजच्या नियमाचं मूळ मला या सूचनेत दिसतं. यादीच बदलणार असेल, तर ती वापरणाऱ्यानं जुन्या पाठांतरावर कसं भागवायचं?

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे काम हाती घेतलं आणि मरणाच्या कारणांबरोबर जिवंत माणसांचे आजारही यादीत आले. हीच आजची ‘आयसीडी’. अमेरिकेनं १ ऑक्टोबर २०१५ रोजी तिच्या नवव्या आवृत्तीवरून दहावीवर उडी घेतली, तेव्हा निदानाचे सुमारे १४ हजार संकेतांक जवळजवळ ७० हजारांवर गेले. वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही त्या दिवशी नवशिकी झाली. २०२० मध्ये कोविड आला. आधी नावच नसलेल्या या आजाराला ‘यू ०७.१’ हा संकेतांक मिळाला. तो ज्याला ठाऊक नाही, त्याच्या नोंदीत तो रुग्ण साध्या न्यूमोनियाचा ठरला असता.

नाव जोडण्याइतकंच नाव खोडणंही महत्त्वाचं असतं. नवव्या आवृत्तीत समलैंगिकतेला मानसिक विकारांच्या प्रकरणात स्वतःचा क्रमांक होता. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य परिषदेनं दहावी आवृत्ती मंजूर केली आणि तो क्रमांक गेला. ज्यांना आजारी म्हणून नोंदलं जात होतं, ती माणसं तशीच होती. सुधारणा झाली ती यादीत. जुनीच यादी पाठ असलेला कारकून मात्र निरोगी माणसाला रोगी लिहीत राहिला असता.

या ३६ तासांत वेळ जातो, काही वेळा पैसाही जातो. व्याख्यान नुसतं चालू ठेवून गुण पदरात पाडून घेणारेही असतील. त्यांचं प्रमाणपत्र टिकेल. पण पडद्यावरच्या प्रत्येक अंकामागे एक माणूस आहे, कुठेतरी दूर, आपलं नाव कधीच न कळणारा. त्याला नेमकं काय झालं होतं, हे आजच्या ज्ञानानं लिहिणं हे त्याचं आपल्याकडे असलेलं देणं आहे. लंडनच्या त्या बायकांना शिकवायला कुणी नव्हतं. आपल्याला ती सबब उरलेली नाही.