धोट्याचे भोक

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या इतिहासात संपांची वर्णने पानोपानी आहेत. धोट्याला पडलेल्या एका बारीक भोकाची गोष्ट मात्र एखाद्या ओळीत उरकली जाते. यंत्र आणि जात यांचा संबंध काय, हे विद्यार्थ्यांना सांगायचे झाले तर मी याच भोकापासून सुरुवात करतो.

साध्या मागावर आडवे सूत धोट्यातल्या कांडीवरून सुटते. कांडी संपली की साचेवाला माग थांबवतो, धोटा काढतो, नवी कांडी बसवतो. मग सुताचे टोक धोट्याच्या कडेच्या भोकातून बाहेर काढायचे. त्यासाठी भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. सूत तोंडात येते. दिवसभर, कांडीमागून कांडी, हेच. सुताबरोबर कापसाची तूस, तेल, मळ घशात जाणार. शिवाय तोच धोटा बदली कामगाराच्या आणि पुढच्या पाळीच्या माणसाच्या ओठांना लागणार. लँकेशायरचे मजूर या प्रकाराला धोट्याचे चुंबन म्हणत. त्यातून क्षय पसरतो अशी धास्ती तिथे होती.

मुंबईत या तोंड लावण्याला निराळाच अर्थ आला. अस्पृश्याने उष्टावलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, असे म्हणत सवर्ण कामगारांनी साचेखात्याचे दार आपल्या माणसांना बंद केले. त्याच खात्यात मुसलमान विणकर मोठ्या संख्येने होते, हे विसरता कामा नये. मराठा आणि मुसलमान एका खात्यात काम करू शकत होते. एरवी सोवळे-ओवळे दोघांतही होते. पण पोटासाठी ते बाजूला ठेवता येत होते. फक्त महार-चांभाराची थुंकी आड येत होती. आणि गिरणीत चांगली कमाई होती ती साचेवाल्याची. बाट पाळण्यात पैशाचा फायदा असला की बाट फार कडक पाळला जातो!

आता खरा प्रश्न. हे भोक अटळ होते काय? मुळीच नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ड्रेपर कंपनीने १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग बाजारात आणला. त्यात सूत तोंड न लावता धोट्यात आपोआप ओवले जाई. साध्या मागासाठीही हाताने ओवायचे धोटे होते. मॅसॅच्युसेट्सने १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. इंग्लंडला त्यासाठी १९५२ उजाडावे लागले.

आमचे गिरणीमालक नव्या यंत्राला बिचकणारे होते असेही नाही. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनी रिंगचे साचे तिथे फार लवकर आणले. लँकेशायर तेव्हा म्यूललाच चिकटून होते. रिंगही अमेरिकेचीच. मुंबईनेही तिचा झपाट्याने स्वीकार केला, कारण तिला म्यूलइतका मुरलेला कारागीर लागत नव्हता. स्वस्त हात पुरत होते. हे स्वस्त हात पुष्कळसे आपलेच होते. कामगारांच्या तोंडी ज्याचे त्रासन झाले, त्या खात्यात आपली माणसे दाटीने भरली गेली. म्हणजे मजुरी वाचवणारे अमेरिकन यंत्र समुद्र ओलांडून आले. मजुराचे तोंड वाचवणाऱ्या अमेरिकन धोट्याने साचेखात्याची रीत मात्र बदलली नाही. विणकर मुबलक होते, साधा धोटा चालत होता. मग खर्च कोण करणार?

१९२८ च्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. एका विणकराने तीन माग आणि एका सायडरने दोन बाजू सांभाळाव्यात, या मालकांच्या योजनांविरुद्ध तो लढा होता. साचेखात्यासह सर्व खाती अस्पृश्यांना खुली करा, ही मागणी त्यात घ्या, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले. त्यांनी ती घेतली, पण नाखुषीने. मालकांनी मग हात झटकले: हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही. उत्तर बिनतोड वाटते, पण तसे ते नाही. धोटा कोणता घ्यायचा हे कामगार ठरवत नव्हते, मालक ठरवत होते. आणि कामगारांचे पुढारी? आरोग्य आणि समता दोन्ही साधणारी 'धोटा बदला' ही मागणी त्यांच्या लढ्याचा नारा झाली नाही. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यावर आजही पुष्कळ वाद घातला जातो. वाद घालणाऱ्यांनी एकदा धोटा हातात घेऊन पाहावा.

माझे आजोबा १९५८ साली गावाहून आले आणि एका गिरणीच्या त्रासनात चिकटले. साचेखात्यात ते कधी गेले नाहीत. जॉबरने विचारलेच नाही, असे ते म्हणत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ओळख अशी की सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळते. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या झगड्यातून १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. त्या दिवशी मोकळी झालेली छाती सोमवारी पुन्हा धरायची. आजोबांचा सोमवार आमच्या घरी सर्वांना पाठ होता. हा आजार आपल्या भरपाईच्या कायद्याच्या यादीत आहे. आजोबांना ते कोणी सांगितले नाही. १९८२ च्या संपात ते घरी बसले ते कायमचेच.

आता धोटाच नसलेले रॅपियर आणि हवेच्या झोताचे माग आले आहेत. भिवंडी-मालेगावात धोट्याचे साधे मागही चालू आहेत. अभ्यासकांना आणि शिक्षक मित्रांना माझे एक सांगणे आहे. साचेखात्यात शिरलेली आपली पहिली माणसे, किंवा त्यांची मुले, चाळींतून, पुनर्वसनाच्या इमारतींतून आणि कोकणातल्या व घाटावरच्या गावांतून अजून भेटतील. कोणत्या साली शिरलात, कोणी अडवले, शेजारच्या मागावर कोण होते आणि कांडी बदलताना सूत कसे ओवत होता, हे चार प्रश्न त्यांना विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.