बडोदेकर हे नाव

बडोद्याच्या दरबाराने अनेक गवयांना आश्रय दिला. किराण्याचे अब्दुल करीम खाँ मात्र तेथे टिकले नाहीत. सरदार माने यांच्या कन्या ताराबाईंशी जुळलेल्या संबंधामुळे दोघांनाही बडोदे सोडावे लागले. खाँसाहेब पुढे आपल्या शेजारच्या मिरजेस स्थिरावले. भरदार, मर्दानी गळ्यांच्या त्या जमान्यात हा गवई बारीक, आर्त सूर लावी आणि कर्नाटकी पद्धतीची सरगमही बेधडक घेई. रसिकांना ओढ लागली ती या वेगळेपणाचीच. १९२२ साली ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. सुरेशबाबूंनी आजोळचे माने हे नाव लावले. मिरजेत १९०५ साली जन्मलेली चंपाकली मात्र हिराबाई बडोदेकर म्हणून गाजली; आईवडिलांना जे गाव सोडावे लागले, त्याचेच नाव तिने लावले!