अवलिया

ऐन ऊसतोडीत, पौषात, कोणी टाळ गळ्यात अडकवून त्र्यंबकेश्वरच्या दिंडीला निघाला, की आमच्या देवळाली प्रवऱ्यात टपरीवर शेरा ऐकू येतो : 'अवलिया आहे!'

शब्द अरबी. 'वली' म्हणजे निकटचा, सखा. पुढे ईश्वराचा सखा. 'औलिया' हे त्याचं अनेकवचन. पण दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन एकटेच असूनही त्यांना आदरानं औलियाच म्हटलं गेलं. फारसी-उर्दूच्या वाटेनं मराठीत आल्यावर तर तो सरळ एकवचनीच झाला.

मला या शब्दाचे खरे धनी वाटतात ते आपल्याच जिल्ह्यातले, श्रीगोंद्याचे शेख महंमद. सूफी परंपरेतला हा मुसलमान संत मराठीत ओव्या लिहितो. 1645 मधल्या त्यांच्या 'योगसंग्रामा'तली लढाई माणसाच्या आतली, विकारांशी. वडील गेल्यावर मी तो वाचला, तेव्हा सूफी की वारकरी हा प्रश्नच उरला नाही. माझ्या भीतीची भाषा जाणणारा कोणी जवळ बसला होता. वली, अगदी मूळ अर्थानं.

आता बातम्यांत गडकोट पालथे घालणारा, पदरमोड करून वाचनालय चालवणारा, लहरी गायक, सगळेच अवलिया. देवाशी सख्य त्यात अभिप्रेत नसतं, झपाटलेपण असतं. बाईला मात्र हा शब्द अजून क्वचितच लावतात.