नकाशांतून घराण्याच्या इतिहासाकडे

पूर्वजांच्या गोष्टी आपल्या घरोघरीं सांगितल्या जातात; परंतु ‘वेशीजवळ आपला वाडा होता’ ह्यापुढें बहुतेकांची माहिती जात नाहीं. कोणती वेस, शेजार कोणाचा, हें सांगणारें माणूस एकदां गेलें म्हणजे ती गोष्ट निराधार होते. तिला पुन्हां जमिनीवर उभें करण्याचें साधन म्हणजे शहराचा जुना, बारकाईचा नकाशा होय.

वऱ्हाडांतील लाडाचें कारंजा उदाहरणादाखल घेऊं. हें जुनें व्यापारी गांव. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, 1670 च्या अखेरीस, शिवाजी महाराजांनीं येथील संपत्ति लुटली. श्रीनृसिंहसरस्वतींचें हें जन्मस्थान. जैन भट्टारकांचीं तीन पीठेंही येथें नांदलीं. गांवाचा तट ढासळला, तरी दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ ह्या वेशींचीं नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं.

1853 सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला व पुढें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली. ती सारा आकारण्यासाठीं असल्यामुळें काळीचें प्रत्येक शेत तींत दिसतें, पण पांढरी, म्हणजे गांवठाण, बहुधा एकच कोरा तुकडा असतो. घर शोधणाऱ्यानें म्हणून विदर्भांतील शहरांची नझूल शीट पाहावी. शीटवरील प्लॉटाच्या क्रमांकावरून आखीव पत्रिका मिळते; तींत धारकाचें नांव, क्षेत्र व फेरफार असतात. आजच्या नोंदीपासून एकेक फेरफार मागें जावें आणि प्रत्येक साल वंशावळीशीं ताडून पाहावें. एका रुंद प्लॉटाच्या तीन अरुंद पट्ट्या झालेल्या दिसल्या, तर तिघां भावांची वाटणी तेथें झाली कीं काय, हें फेरफारांत शोधावें.

दप्तर कोठें शोधावें, हेंही ध्यानांत ठेवावें. कारंजा 1905 पर्यंत अमरावती जिल्ह्यांत होतें, नंतर अकोल्यांत गेलें, आणि 1 जुलै 1998 पासून वाशीम जिल्ह्यांत आहे.

इंग्लंडांत गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत, चार हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांचे नकाशे असे काढले कीं जमिनीवरील पांचशें फूट कागदावर एक फूट होत. त्यांत रस्त्यांवरचे दिव्यांचे खांबदेखील दिसतात. मुंबईची लॉटनसाहेबांची मोजणी 1865 ते 1872 ह्या काळांतली.

तथापि नकाशा सरकारी कामासाठीं काढलेला असतो. त्याला धारक ठाऊक असतो. भाडेकरू, आश्रित, माजघरांत आयुष्य काढलेली विधवा आत्या त्याला ठाऊक नसते. कारंज्यांतील बघेरवाल घराण्यांचीं नांवें मूर्तिलेखांत व पोथ्यांच्या प्रशस्तींत आढळतात, तींही पत्रिकेशेजारीं मांडून पाहावींत.

आणि सर्वांत आधीं, नकाशाची नक्कल घेऊन घरांतील वडील स्त्रीपुढें बसावें. जिचें नांव त्या कागदावर नाहीं, तिलाच विहीर कोणाची, बोळ कोठें निघत असे, कोणत्या ओट्यावर कोण बसे, हें ठाऊक असतें. ती सांगेल तें त्या त्या प्लॉटावर तिच्या नांवानिशीं व तारखेनिशीं लिहावें. रस्ता रुंद होतांना ओटा जातो, नव्या बांधकामाखालीं जोतें जातें. कागद दप्तरांत कांहीं वर्षें थांबेल; आजीबाई थांबणार नाहींत.