पापुद्र्यात कोंडलेलं रबर

मंडळी, सीडीची ती पारदर्शक पेटी आठवते ना? हातातून पडली की टचकन तडकायची. ती पॉलिस्टायरीनची. दिसायला काचेसारखी, कडक, पण ठिसूळ. हे ठिसूळपण घालवायचं कसं, हा प्लास्टिकच्या इतिहासातला जुना प्रश्न. त्याचं एक उत्तर रसायनशास्त्रातून आलं, दुसरं निव्वळ जाडीतून. ही दोन उत्तरं एकत्र कशी आली, ते आज आपण पाहू.

पहिला धागा १९५६ सालचा. अमेरिकेत सिराक्यूजला मायकेल श्वार्त्स यांनी ‘जिवंत’ पॉलिमर तयार केले. म्हणजे काय, तर एक मोनोमर संपला तरी साखळीचं टोक मरत नाही. दुसरा मोनोमर दिला की वाढ पुढे चालू. त्यामुळे एकाच साखळीत दोन वेगळ्या स्वभावांचे लांब तुकडे जोडता आले. हाच ब्लॉक कोपॉलिमर. श्वार्त्स यांच्याबरोबर काम केलेले मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेले, आणि १९६० च्या दशकात शेलचं क्रेटॉन बाजारात आलं. टोकांना कडक पॉलिस्टायरीन, मधे रबर. या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण रासायनिक गाठ सुटत नाही. मग काय करणार? दहा ते पन्नास नॅनोमीटरच्या आपापल्या खोल्या करून ते एकाच घरात राहतात.

दुसरा धागा मिशिगनमधल्या मिडलँडचा. तिथे डाऊ केमिकलमध्ये टर्नर आल्फ्रे, वॉल्टर श्रेंक ही मंडळी इंद्रधनुषी रंग दाखवणाऱ्या बहुथरी फिल्मवर काम करत होती. १९६९ साली त्यांनी त्यामागचं प्रकाशशास्त्र मांडलं. पुढे अशा फिल्मसाठी जी पद्धत रुळली ती अशी: वितळलेल्या दोन प्लास्टिकचा थरांचा प्रवाह उभा कापायचा, दोन्ही भाग पसरवायचे, एकावर एक ठेवायचे. दोनाचे चार, चाराचे आठ. असं नऊ वेळा केलं की १०२४ थर. चिरोटे करणाऱ्यांना पापुद्र्यांची ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात एरिक बेअर आणि अ‍ॅन हिल्टनर यांनी याच पद्धतीला वेगळा प्रश्न विचारला. रंगाचं राहू द्या. थर इतका पातळ झाला तर आतल्या पॉलिमरचं वागणं बदलतं का? २००९ साली उत्तर आलं. पॉलिइथिलीन ऑक्साईडचा थर २० नॅनोमीटरवर आणला, तर त्याचे स्फटिक आडवे पसरले आणि वायू आरपार जाण्याचं प्रमाण सुमारे शंभर पटींनी घटलं. रसायन तेच होतं. फक्त जागा कमी केली होती.

मग २०११ मध्ये लाशांडा कोर्ली आणि त्यांचे सहकारी यांनी पॉलिस्टायरीनच्या थरांमध्ये रबरी ब्लॉक कोपॉलिमर कोंडलं. थर १०० ते ६०० नॅनोमीटरचे. केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे अंदाज येईल. फिल्म ओढल्यावर जाड थरांत क्रेझ पडत होत्या: बारीक तंतूंनी सांधलेले, तड्यांसारखे पांढुरके पट्टे. ठिसूळ पदार्थ बहुधा तिथूनच तुटतो. थर १९० नॅनोमीटरपर्यंत पातळ केले तेव्हा क्रेझऐवजी पदार्थ तिरकस सरकू लागला, आणि तुटण्याआधी जास्त ताणला गेला. पुढे फिल्म तापवून आतली रचना नीट बसू दिली. आता थर जितका पातळ तितकी फिल्म चिवट, आणि ताण पडला तर सगळीकडे सारखी ताणली जाणारी. 

आमच्या मते या इतिहासाचं सार असं: पदार्थाची ताकद तो कशाचा बनलाय यावर ठरते, तशीच त्याला किती जागा मिळते यावरही ठरते. आणि हे कारखान्यातल्या वितळवण्याच्या यंत्रावर करता येतं, म्हणून ते प्रयोगशाळेपुरतं उरत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. हजार थर एकत्र रचणं सोपं, वेगळे करणं फार अवघड. वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर असलेल्या वेष्टनांचा पुनर्वापर आजही याच कारणाने अडतो. नवं रसायन न शोधता चिवटपणा मिळाला, हे खरंच मोठं यश. ते थर पुन्हा सुटे कसे करायचे, हे काम मात्र पुढच्या पिढीकडे आहे. तुमच्यापैकी कोणी ते हातात घेतलं, तर आम्हाला आनंदच होईल.

आता प्रश्न विचारा.