घसरत्या सुराचे मोल

'जुने ते सोने' ही म्हण आपण भांड्यांपासून माणसांपर्यंत सगळ्यांना लावतो. (सत्तरी ओलांडल्यावर ती जरा जास्तच आवडू लागते, हेही खरे!) पण इतिहासाच्या शिक्षकाने या म्हणीकडे थोडे संशयानेच पाहावे. आज जे जुने आहे ते कधीतरी नवे होते, आणि ते नवे असताना लोक त्याच्याविषयी काय म्हणत होते हे शोधणे हाच तर आमचा धंदा. आज हा प्रयोग एका वेगळ्याच वस्तूवर करायचा आहे. ती वस्तू म्हणजे अ‍ॅनालॉग सिंथेसायझर.

निमित्त असे की माझा एक माजी विद्यार्थी या वाद्यांच्या नादी लागला आहे. त्याच्या मित्रमंडळीत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, सत्तरच्या दशकातल्या वाद्यांत जो जिवंतपणा आहे तो आजच्या वाद्यांत नाही. दुसरा म्हणतो, हा सगळा मनाचा खेळ. नवे वाद्य तेच काम करते, शिवाय ऐन कार्यक्रमात दगा देत नाही. मध्यंतरी भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही इतिहास शिकवलात. तुम्हीच सांगा, कोणाचं खरं?" मी वादक नाही, साधा कानसेन. पण प्रश्न इतिहासाचा आहे हे मला पटले, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी वस्तू समजून घेऊ. या वाद्यात तार नाही, कातडे नाही, भाता नाही. विजेचा प्रवाहच आंदोलने करतो आणि त्याचा ध्वनी होतो. त्या ध्वनीतला हवा तेवढा तीक्ष्णपणा गाळून घेणारा भाग म्हणजे फिल्टर. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या मदतीने असे यंत्र उभे केले. साधारण त्याच काळात कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांनीही स्वतंत्रपणे आपले यंत्र घडवले. मूग यांचे सुरुवातीचे यंत्र कपाटाएवढे, सगळीकडे तारांचे जंजाळ. असेच एक यंत्र १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आले. ते तेथे बसवायला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते. पुढे १९७० मध्ये मूग यांच्या कंपनीने उचलून नेण्याजोगा 'मिनिमूग' काढला. १९८१ पर्यंत असे सुमारे बारा-तेरा हजार नग तयार झाले. आजचे शौकीन ज्याच्यासाठी जीव टाकतात तो हाच.

या वाद्याची एक खोड होती. ते सुरात राहत नसे! कारण साधे आहे. पट्टीवरची कळ दाबली की ठराविक व्होल्टेज जाते, आणि एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर चढतो. हे गणित ट्रान्झिस्टरवर चालते आणि ट्रान्झिस्टर तापमानाला हळवा. तापमान एका अंशाने वाढले की हिशेब सुमारे एक तृतीयांश टक्क्याने चुकतो. ऐकायला किरकोळ वाटते ना? पण भरपाईची सोय नसेल, तर दहा अंशांच्या फरकाने तीन सप्तके वरचा शुद्ध गंधार कोमल होऊन बसेल. कारखानदार भरपाईची सोय करत, पण ती पुरी पडत नसे. मंचावरचे दिवे तापले, की सूर ढळला. मग वाद्य बराच वेळ आधी सुरू करून 'गरम' करून ठेवायचे, आणि दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा जुळवायचे. मैफल रंगात आली की तंबोरे पुन्हा लावावे लागतात, तसाच प्रकार.

हा दोष घालवण्यासाठी निर्मात्यांनी काय नाही केले! १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या 'सिक्वेन्शियल सर्किट्स' कंपनीने 'प्रॉफेट-५' काढला. एका वेळी पाच स्वर, चाळीस ध्वनी लक्षात ठेवणारी स्मृती, आणि एक बटण दाबले की वाद्य आपले आपण सुरात येणार. तरी पहिले नग नाठाळच निघाले. शेवटी १९८० मध्ये आतल्या मूळच्या एसएसएम चिप बदलून कर्टिस यांच्या जास्त भरवशाच्या चिप घातल्या. गंमत पाहा, आज जुन्याचे कट्टर भक्त त्या आधीच्या नाठाळ नगांनाच 'अधिक जिवंत' म्हणून डोक्यावर घेतात!

मग १९८३ मध्ये यामाहाचा 'डीएक्स-७' आला. हा डिजिटल. सूर ढळण्याचा प्रश्नच मिटला. तो लाखाच्या वर खपला आणि अ‍ॅनालॉग वाद्ये जुन्या बाजारात मिळेल त्या किमतीला जाऊ लागली. तेव्हा फारच थोडे लोक त्यांना सोने म्हणत होते.

रोलँड कंपनीच्या 'टीबी-३०३'चेही तसेच झाले. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथ मिळावी म्हणून १९८१ च्या अखेरीस हे छोटे यंत्र आले आणि न खपल्यामुळे १९८४ मध्ये बंद झाले. शिकागोतल्या तरुणांना ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले. त्याची बटणे भलतीकडे पिरगाळून त्यांनी १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड' नावाची नाचाच्या संगीताची एक शैलीच जन्माला घातली. आणि मुंबईचा संबंध ठाऊक आहे का? हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच हेच यंत्र घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली होती. तिच्याकडे तेव्हा कोणी ढुंकून पाहिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे रसिक चकित झाले. २०१५ मध्ये सिंग वारले. निदान हे कौतुक त्यांनी पाहिले, हे समाधान.

आता मूळ वादाकडे येऊ. जुन्याचे भक्त ज्याला 'ऊब' म्हणतात, तो शब्द या वाद्यांच्या ऐन उमेदीत अनेकांच्या तोंडी नव्हता. तेव्हा आरोप असा, की हे थंड, निर्जीव यंत्र माणसांच्या पोटावर पाय आणणार. १९८२ मध्ये लंडनमधल्या वादक संघटनेच्या शाखेने सिंथेसायझरवर बंदी आणावी असा ठरावसुद्धा केला होता. आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्या पेटीला १९४० ते १९७१ आकाशवाणीचे दार बंदच होते की! आज तीच पेटी 'परंपरा' झाली आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिका ऐकून हे शौकीन जुन्या वाद्यांच्या प्रेमात पडले, त्या बहुतेक मुद्रित झाल्या तेव्हा ती वाद्ये कोरी करकरीत होती! पन्नास वर्षांत आतले कपॅसिटर वाळतात, चिप बदलल्या जातात, दुरुस्त्या होतात. म्हणजे आज जो आवाज 'अस्सल' म्हणून ऐकवला जातो, त्यात थोडा मूळचा आवाज आणि थोडा म्हातारपणाचा घोगरेपणा. नेमका कोणता कशाचा, हे निवडणे फार अवघड.

मग नव्यांचेच खरे का? तसेही नाही. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जाला लावलेल्या असतात, पण त्यांच्यात जो केसाएवढा फरक राहतो त्यानेच नाद भरून येतो. हरिपाठाला पन्नास गळे एकत्र आले की अगदी एकसारखा सूर कोणाचाच नसतो, आणि म्हणूनच ते समूहगान वाटते. जुन्या वाद्याचे पाच आवाज एकमेकांशी किंचित भांडत असतात, त्याची गोडी खोटी नाही. ती चिमूटभर असावी, एवढेच.

हे सगळ्यात चांगले कळले ते स्वतः डेव्ह स्मिथ यांना. २०२० मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांनी प्रॉफेट-५ नव्याने काढला. दोन्ही घराण्यांचे फिल्टर त्यात दिले आणि 'व्हिंटेज' नावाचे एक बटणही दिले. एका टोकाला वाद्य सुस्थिर, दुसऱ्या टोकाकडे फिरवत न्यावे तसे आवाज पूर्वीसारखे जरा जरा भरकटू लागतात. तिशीच्या आत ज्या दोषाशी हा माणूस झुंजला, तोच दोष सत्तरीत त्याने हवा तेवढा घ्या म्हणून मोजून परत दिला! २०२२ मध्ये ते गेले. मला त्या बटणाचे फार अप्रूप वाटते.

माझ्या विद्यार्थ्याला मी माझ्या धंद्यातले उदाहरण दिले. मोडीतला मूळ कागद जपलाच पाहिजे. त्यावरची खाडाखोड, शाईचा डाग छापील प्रतीत उतरत नाही. पण चाळीस मुलांच्या वर्गाला शिकवायचे ते छापील प्रतीवरूनच. मूग कंपनीने २०१६ मध्ये मिनिमूग पुन्हा काढला तो साडेतीन हजार डॉलरच्या घरात. पुढे दोनच वर्षांत बेहरिंगर कंपनीची नक्कल तीन-चारशे डॉलरमध्ये मिळू लागली. नकलेच्या नीतीवर जरूर वाद घाला. पण ज्या पोराच्या खिशात तेवढेच पैसे आहेत, त्याला 'तुझे वाद्य खरे नाही' असे हिणवू नका. शिकागोच्या पोरांनी यंत्र घेतले ते स्वस्त मिळाले म्हणूनच, आणि इतिहास त्यांनी घडवला.

असो. वाचकांपैकी कोणी पूर्वी ऑर्केस्ट्रात असे वाद्य वाजवले असेल आणि ते अजून माळ्यावर धूळ खात असेल, तर एवढेच करा. विकण्याआधी एखाद्या जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या, आणि एकदा घरातल्या नातवंडांच्या हाती द्या.